तरीही पुढे जा

शिंप्याच्या कारखान्यात मेलेली माणसं बोलतात, ही बातमी वसाहतीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं डबे-पिशव्या घेऊन परस्पर तिकडेच वळू लागली. कापड कापायची लांब टेबलं भिंतीला सारलेली, शिवणयंत्रांवर चादरी टाकलेल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्यांच्या रांगा. प्रत्येकाच्या मांडीवर मोबाइल. एवढी माणसं एका खोलीत दाटीवाटीने बसली होती आणि कोणी साधं खोकतही नव्हतं. धाकटीला पहिल्याच दिवशी ही शांतता बरी वाटली नाही.

ती आली होती ताईसाठी. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. सहा वर्षांमागे ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा धाकटीने आपली एक किडनी तिला दिली. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ताईला रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या जन्मभर चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं. गेल्या आठवड्यात बोलता बोलता ताई फोनवर म्हणाली, "गोळ्या मी सोडल्या. ह्यांनीच सांगितलं." धाकटी मिळेल त्या गाडीने निघून आली. कारण ‘हे’, म्हणजे भाऊजी, वारून वर्ष होत आलं होतं.

भाऊजी मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. परक्या बंदरात ताप आला, तिथल्याच इस्पितळात गेले. ताईला ना त्यांचं तोंड पाहायला मिळालं, ना त्यांचा आवाज ऐकायला. फोन लागला तेव्हा पलीकडे नर्स होती आणि तिची भाषा ताईला येत नव्हती. ते शेवटचं न झालेलं बोलणं ताईला आतून पोखरत होतं. निरोपेबाबांनी नेमकं तेच हेरलं.

निरोपेबाबा म्हणजे काही जटा वाढवलेला साधू नव्हे. करडा स्वेटर, दाढी गुळगुळीत, कानाला लावलेला माइक, आणि एखाद्या बँकेच्या माणसाने मुदतठेव समजावून सांगावी तसा मऊ आवाज. "ऊर्जा मरत नाही," ते सांगत, "ती फक्त कंपनं बदलते. तुमची माणसं गेली नाहीत, दुसऱ्या लहरीवर गेली. आपण ती लहर पकडतो, बस्स." लहर, कंपन, ऊर्जा असे शब्द ते असे पेरत की शाळेत विज्ञानात नापास झालेल्यालाही आपण पास झालो असं वाटावं. अधूनमधून ते डोळे मिटून छताकडे तोंड करत, जणू वरच्या मजल्यावरचा नळ चालू राहिला आहे की काय ते ऐकत आहेत.

विधी साधा होता. आत शिरताना पांढऱ्या कपड्यातली सेविका हसून सांगे, "आपलं नेट बंद करा, इथल्या वायफायला जोडा. ते इथल्याच लहरींत बोलतात." मग प्रत्येकाने एक जुनी वेबसाइट उघडायची. गावातली माणसं तिच्यावर आपल्या गेलेल्यांचे फोटो आणि दोन ओळी टाकत, तीच ही श्रद्धांजलीची साइट. बाबांनी ती काढलेली नव्हती, ती त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीची होती. म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. आपल्या माणसाचं पान उघडायचं, डोळे मिटायचे, बाबांनी ‘आता’ म्हटलं की पान पुन्हा उघडायचं. फोटोखाली नवीन शब्द आलेले असत.

ताईने पान उघडलं. जहाजाच्या कठड्याला टेकून हसणारे भाऊजी. बाबा ‘आता’ म्हणाले. ताईने पान पुन्हा उघडलं, आणि फोटोखाली ओळ उमटली: मी इथेच आहे, कप्तानीणबाई. तुझ्या डाव्या हाताला.

 ‘कप्तानीणबाई’ ही भाऊजींची हाक घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. धाकटीही दचकली, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. एक क्षण तिनेही ताईच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिथे बसलेला माणूस शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याची मुलगी गेली होती. तो आपल्या मोबाइलवर इतका वाकला होता की श्वासाने काच धुरकटत होती.

"बघितलंस?" ताई कुजबुजली. तिच्या डोळ्यांखाली सूज होती, पाय बुटात मावत नव्हते. आणि चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान होतं. धाकटीला कशाची जास्त भीती वाटली असेल तर त्या समाधानाची.

भीती वाटली की तिचा विचार करण्याचा वेग वाढतो, हे तिचं लहानपणापासूनचं. ती इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत असे, आणि विषयही नेमका हाच: यंत्रं एकमेकांशी बोलतात कशी. तिने मोबाइल काढला, खोलीच्या वायफायला जोडला आणि कॉलेजचं टपाल, म्हणजे ईमेल, उघडायला गेली. मोबाइलचा पडदा लाल झाला. समोरच्याची ओळख पटत नाही, तुमची माहिती कोणी चोरत असेल, असा इशारा आला. खाली मोठं बटण, ‘मागे जा’. त्याखाली बारीक, फिकट अक्षरांत, ‘तरीही पुढे जा’.

ती थबकलेली पाहून सेविका खांद्याशी वाकली. "घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांना येतं. यंत्राला शंका असते, आपल्याला नसावी. पुढे जा दाबा."

धाकटीने वर पाहिलं. भिंतीवर हेच वाक्य सुबक अक्षरांत लावलेलं होतं: शंकेची लाल भिंत ओलांडा, पलीकडे तुमचं माणूस आहे. बाबांनी त्याचा उपदेशच करून टाकला होता. इथे बसून कंपनीचं टपाल, दुकानाचं खातं, काहीही उघडलं आणि लाल पडदा आला, तर ती तुमच्या श्रद्धेची परीक्षा समजा. दाबणारा पुढे गेला, न दाबणारा मागे राहिला. आणि सगळ्यांनी दाबलं होतं. या अख्ख्या खोलीत खरं बोलणारा एकच होता, तो लाल पडदा, आणि त्याचंच तोंड सगळ्यांनी आपल्या बोटाने बंद केलं होतं.

तिने ‘मागे जा’ दाबलं. सेविकेचं हसू तसंच राहिलं, पण ती खांद्यामागून लगेच हलली नाही.

घरी गेल्यावर धाकटीने ताईला समजावलं. तेच पान घरच्या नेटवर उघडून दाखवलं. भाऊजी हसत होते आणि खाली कोरी जागा होती. ताई म्हणाली, घरी कसे बोलतील, ती जागाच वेगळी आहे. हे उत्तर तिच्या तोंडी आधीच भरवून ठेवलेलं होतं. धाकटीने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले आजच्या आज घेऊन या, एकेक दिवस महाग आहे. ताई म्हणाली, मी नाही येणार. शुद्धीवर असलेल्या बाईला उचलून नेता येत नाही. धाकटी हातापाया पडली, रडली, शेवटी चिडली.

"तो माणूस तुझं टपाल वाचतो, ताई. भाऊजींनी जहाजावरून तुला लिहिलेलं सगळं. कप्तानीणबाई त्यातूनच उचललंय. लाल पडद्यावर तू पुढे जा दाबलंस ना, तिथेच तू त्याला घराची किल्ली दिलीस."

ताईने मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाली, "तुला सगळं कळतं, ठमे. लहानपणापासून कळतं. पण मला वर्षभरात पहिल्यांदा झोप लागतेय." आणि मग शांतपणे, "किडनी तुझी आहे म्हणून हक्क सांगत्येस का?"

 धाकटी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही घासायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशी केली. कारखाना मुळात शिंप्याचा. बाबा गावात आले तेव्हा शिंप्यानेच त्यांना पहिली जागा दिली होती. त्याची आई गेलेली, तिच्याशी त्याचं बोलणं होऊ लागलं. मग आईने सांगितलं, हृदयाच्या गोळ्या बंद कर. मग आईने सांगितलं, जागा बाबांच्या नावे कर. मग शिंपी गेला. आता तोही श्रद्धांजलीच्या साइटवर होता आणि रोज संध्याकाळी स्वतःच्याच कारखान्यात बायकोशी बोलत होता. आणि ताई? ताई एकटी, घर स्वतःचं, बहीण दुसऱ्या गावची. ताईने सहज सांगून टाकलं की येत्या रविवारी भाऊजी घराबद्दल काही सांगणार आहेत.

म्हणजे गोळ्यांचं कारण पैसा नव्हतं, निदान नुसता पैसा नव्हतं. जिच्यावर जीव अवलंबून ती गोष्ट सोडायला लावली की माणूस पुढे काहीही सोडतो. ही बाबांची चाचणी होती, आणि ताई त्या चाचणीत पास झाली होती.

रविवारी धाकटी पुन्हा कारखान्यात गेली. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. मागच्या रांगेत, चादर टाकलेल्या शिवणयंत्राआड, भिंतीला पाठ लावून बसली. ताई पुढे, बाबांच्या अगदी समोर. मध्ये ड्रायव्हर. बाजूच्या टेबलाशी शिंप्याची बायको, पाठ ताठ, जुन्या सवयीने मोजपट्टी गळ्यात. त्यापलीकडे कापडी पडदा, आणि पडद्याखाली वायफायच्या डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. शेजारी कोणाचे तरी पाय दिसत होते. कळफलकाची बारीक टकटक ऐकायला कान द्यावा लागत होता, पण ऐकू येत होती.

आता ती काय करणार होती हे कळायला थोडं यंत्रांच्या घरात डोकवावं लागेल. यंत्रांचं बोलणं थरांत चालतं. सगळ्यात खाली नुसत्या हवेतल्या लहरी, बाबांच्या नव्हे, खऱ्या. त्यावर प्रत्येक यंत्राचा, ते बनतानाच ठोकलेला नंबर. त्यावर पत्ता. कोणतंही पान मागवायचं तर मोबाइलला खोलीतल्या दरवाज्याच्या यंत्राकडे, म्हणजे वायफायच्या डब्याकडे, जावं लागतं. ते कुठे आहे हे माहीत नसलं की मोबाइल खोलीत ओरडून विचारतो: हा पत्ता कोणाचा? आणि जो कोणी ‘माझा’ म्हणेल त्यावर तो विश्वास ठेवतो. खातरजमा नाही, ओळखपत्र नाही. हे नियम ठरवले तेव्हा खोलीत सगळे ओळखीचेच असतील असं धरलेलं होतं. त्याच्या वरच्या थरात दुसरा प्रश्न: या नावाची साइट कोणत्या पत्त्यावर राहते? त्याचंही उत्तर वाटेतला कोणीही देऊ शकतो. त्याहून वर तुकड्यातुकड्यांनी येणारं पान नीट जुळवणारा एक थर आहे. तो फार काटेकोर. एकही तुकडा गहाळ झाला तर पुन्हा मागवतो. पण तुकडे कोणी पाठवले याची त्याला फिकीर नाही. अगदी खोटं पानही तो तितक्याच इमानाने जुळवून देतो.

मग शंका घ्यायची कोणी? ती अगदी वर ठेवलेली आहे. तिथे पान उघड्या पोस्टकार्डासारखं येतं किंवा मोहोरबंद पाकिटात येतं. पाकीट असेल तर मोहोर खरी आहे का हे मोबाइल तपासतो, आणि खोटी निघाली तर लाल पडदा लावतो. श्रद्धांजलीची साइट जुनी, सगळी पोस्टकार्डं. त्यावर वाटेत दोन ओळी लिहायला पडद्यामागच्या माणसाला काहीच अडचण नव्हती. खाजगी टपाल मात्र पाकिटातलं, म्हणून तिथे बाबांना तुमच्या बोटाची गरज लागली.

"आज बंधन सुटणार आहे," बाबा ताईकडे पाहत म्हणाले. "शरीर हे बंधन, औषध हे बंधन, भिंती हे बंधन. तुमचे यजमान आज तुम्हाला सगळं मोकळं करायला सांगतील. कंपनं फार प्रबळ आहेत. मला घाम येतोय." घाम येत होता हे खरं. स्वेटर जाड होता.

धाकटीने लॅपटॉप उघडला आणि त्याला खोलीभर ओरडायला लावलं: दरवाजा मी आहे. खोलीतल्या मोबाइलांनी ऐकलं आणि मानलं, जसं रोज बाबांच्या डब्याचं मानत होते. आता पानं मागणारी प्रत्येक हाक तिच्याकडे येत होती. समोर एक कोरी चौकट होती. त्यात ती जे लिहील ते भाऊजी बोलणार होते.

तिने लिहिलं: कप्तानीणबाई, गोळ्या घे. आजपासून. माझ्यासाठी.

बोट बटणावर आलं आणि थांबलं. ताई ऐकेल. आत्ता ऐकेल, रडेल, घरी जाऊन गोळी घेईल. किडनी वाचेल. काय वाईट आहे? एवढी सोपी गोष्ट तिच्या हाताखाली आयुष्यात कधी आली नव्हती. आणि मग उद्या पडद्यामागचा माणूस भाऊजींकडून दुसरं काही वदवेल. मग परवा पुन्हा ती. ताई जन्मभर शेवटी आलेल्या मेलेल्या आवाजाच्या मागे जात राहील, आणि त्यातला एक आवाज आपला असेल. धाकटीला स्वतःचीच किळस आली. तिने ते शब्द पुसले आणि दुसराच मजकूर लिहिला.

"आता," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी पान पुन्हा उघडलं. आधी काहींच्या मोबाइलवर पडद्यामागच्याचं उत्तर पोचलं. ड्रायव्हरच्या तोंडून ‘पिल्लू’ असा शब्द निघाला. मग ओळ बदलली. त्याच्या मोबाइलवर, ताईच्या मोबाइलवर, शिंप्याच्या बायकोच्या, सगळ्यांच्या. सगळ्या मेलेल्या माणसांच्या फोटोंखाली एकच मजकूर उमटला: हे शब्द तुमच्या माणसाचे नाहीत. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या बाईने ते आत्ता लिहिले आहेत. मागे वळून पाहा.

खुर्च्या करकरल्या. अख्खी खोली मागे वळली.

इतके डोळे एकदम धाकटीच्या अंगावर आले. त्या डोळ्यांत आश्चर्य कमी होतं. तुम्ही झोपलेल्याला हलवून उठवलं की तो आधी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर होती. दाराशी सेविका उभी होती आणि दार लावलेलं होतं.

बाबा आधी सावरले. आवाज तितकाच मऊ. "पाहिलंत? अशुभ लहर शिरली. हिने आपल्या माणसांची वाट अडवलीय. ती आक्रोश करतायत, मला ऐकू येतंय." कोणीतरी उठलं. ड्रायव्हर उठला, मुठी वळलेल्या. "माझी पोर बोलत होती," तो म्हणाला. "तू मध्ये बोललीस."

धाकटी उभी राहिली.  "मी मध्ये बोलले, खरंय. पडद्यामागचा माणूसही मध्येच बोलतो. रोज. फरक एवढाच की लिहिणारी मी, हे मी सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तपासा. कोणीही मला एक वाक्य सांगा, हळू, फक्त माझ्या कानात. ते मेलेलं माणूस बोलेल."

कोणी पुढे येईना. मग शिंप्याची बायको आली. लोक बाजूला झाले. ती वाकून धाकटीच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि आपला मोबाइल हातात धरून उभी राहिली. धाकटीने लिहिलं. फोटोतल्या शिंप्याखाली शब्द आले: डाव्या बाहीची शिवण उसवून पुन्हा घाल.

बायको ते वाचत राहिली. सहा शब्दांची ओळ, पण ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग मान वर करून ती बाबांकडे गेली. ओरडली नाही. खरं तर मागच्या रांगांना ऐकू येईल इतकाही तिचा आवाज नव्हता, पण खोली इतकी गप्प होती की प्रत्येकाने ऐकलं.

"ह्यांची गोळी बंद करायला ह्यांच्या आईने सांगितलं होतं. इथेच, ह्याच खुर्चीत बसून आम्ही वाचलं. ते कोणी लिहिलं?"

बाबांनी डोळे मिटून छताकडे तोंड केलं. या वेळी तिकडून काही आलं नाही.

"कोणी लिहिलं?" तिने पुन्हा विचारलं.

पडद्याखालचे पाय दिसेनासे झाले. मागचं दार वाजलं. पडदा ओढला तेव्हा तिथे फक्त डबा होता, एक उघडा कळफलक होता आणि संगणकावर ताईसाठी अर्धवट लिहिलेली ओळ: घर बाबांच्या नावे कर, कप्तानी... वाक्य तिथेच तुटलं होतं.

ताईने ते वाचलं. ती वळून धाकटीकडे आली नाही. संगणकासमोर उभी राहून ती त्या तुटक्या शब्दाकडे पाहत राहिली. भाऊजी दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी तिच्या डोळ्यांसमोर. धाकटीला वाटलं होतं, सत्य बाहेर आलं की ताईला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. ताई खाली बसली आणि तोंडातून आवाजही न काढता रडली, आणि धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बाबांना पोलिसांनी नेलं. ते जाताना दोन-तीन जण त्यांच्या पाया पडले. हेही सांगायला हवं, कारण अशा गोष्टी सांगणारे ते हटकून गाळतात.

ताईला त्याच संध्याकाळी इस्पितळात भरती केलं. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली होती. जबर औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, किडनी थोडी वाचेल कदाचित, आधीसारखी नाही, आणि किती ते आत्ता सांगता येणार नाही. खोटा दिलासा देणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी दिला नाही, आणि धाकटीने मनोमन त्यांचे आभार मानले.

वसाहतीतली माणसं भेटायला येत होती. काहींना लाज वाटत होती, काही जण अजून धाकटीशी बोलत नव्हते. ती प्रत्येकाला तेच सांगे: यंत्र लाल होऊन इशारा देतं तेव्हा थांबा. एका जागी दिसणारी आणि दुसऱ्या जागी नाहीशी होणारी गोष्ट दिसली, तर जागेची पूजा करू नका, जागा तपासा. उत्तर मिळालं की आनंद मानण्याआधी एवढं विचारा, की हे उत्तर दिलं कोणी. आणि जो तुम्हाला शंका सोडा म्हणतो, तो तुमच्याकडून पुढे काय काय सोडवणार आहे याचा विचार घरी जाऊन नव्हे, तिथल्या तिथे करा. बहुतेक जण मान डोलावत. तिला वाटे, यांना समजलं.

एका दुपारी ड्रायव्हर आला. ताईसाठी फळं आणली होती. ती स्टुलावर ठेवून तो उभ्याउभ्याच धाकटीला म्हणाला, "तुमचं सगळं पटलं मला. पडद्यामागे माणूस होता. कळलं." त्याने मोबाइल काढला, पान उघडलं. दात पडलेली एक मुलगी. खाली कोरी जागा. "तुम्हाला येतं ना ते? मग तुम्ही लिहा. आठवड्यातून एकदा. ‘बाबा’ एवढंच लिहा, ती मारायची तशी हाक. तुम्हीच लिहिताय हे मला ठाऊक असेल. तरी चालेल."

धाकटीने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.  तो चुकत नव्हता, फसत नव्हता. त्याला सगळं माहीत होतं, आणि तो ‘तरीही पुढे जा’ म्हणत होता. धाकटीला त्या कारखान्यात, दार लावलेलं असताना, इतकी भीती वाटली नव्हती.

उत्तर ताईने दिलं. उशीवरून मान न उचलता. "ती नाही लिहिणार. लिहिलं तर मीच तिला पहिली ओरडेन." मग तिने सलाईन नसलेला हात पलंगाच्या कडेवर ठोकला. "बसा इथे. नाव काय होतं पोरीचं? शाळेत जाताना तुमच्याच बसमधून यायची का?"

ड्रायव्हरने मोबाइल हातातच ठेवला. थोड्या वेळाने तो बसला. म्हणाला, हो, पहिल्या सीटवर, आणि प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवायला सांगायची. ताईने विचारलं, मग वाजवायचात? तो म्हणाला, नियमात नव्हतं, पण वाजवायचो. तो बोलत राहिला, नर्स येऊन गेली, ताईने तिच्या हातून गोळ्या घेऊन गिळल्या, तरी तो बोलत होता. मांडीवर मोबाइलचा पडदा उजळलेला होता आणि फोटोखालची जागा कोरी होती. मुलगी काही बोलली नाही. ती बोलणार नव्हती, आणि आता ते तिघांनाही माहीत होतं.